गांधीजींचा अणुबॉम्ब आणि शुक्रवारचा अपडेट

व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांच्या जगात महात्मा गांधी अण्वस्त्रांसाठी कुप्रसिद्ध आहेत. कुणाच्या भावना दुखावण्याआधी खुलासा केलेला बरा. १९९१ साली मायक्रोप्रोज या अमेरिकी कंपनीने ‘सिव्हिलायझेशन’ नावाचा गेम काढला. सिड मायर आणि ब्रूस शेली हे त्याचे कर्ते. एखादा देश हाती घ्यायचा, ख्रिस्तपूर्व ४००० पासून त्याला अवकाशयुगापर्यंत न्यायचं आणि वाटेत शेजाऱ्यांशी तह करायचे किंवा त्यांना बुडवायचं, असा तो खेळ. त्यात भारताच्या गादीवर गांधीजी बसलेले. आख्यायिका अशी, की गेममधल्या प्रत्येक नेत्याच्या आक्रमकतेला एक आकडा दिला होता आणि गांधीजींचा आकडा सर्वांत कमी, म्हणजे १ होता. पुढे देशाने लोकशाही स्वीकारली की आक्रमकता २ ने घटायची. एकातून दोन गेले, उरले उणे एक. पण हा आकडा आठ बिटांच्या ज्या कप्प्यात ठेवला होता, त्याला उणे हा प्रकारच ठाऊक नव्हता. तिथे शून्याच्या खाली गेलं की आकडा गरकन फिरून थेट २५५ वर जायचा. दहाच्या मापात २५५! मग काय, अहिंसेचा पुजारी लोकशाही येताक्षणी शेजाऱ्यांवर अणुबॉम्ब टाकत सुटायचा.

गोष्ट इतकी चपखल आहे की प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्यांनाही ती सांगण्याचा मोह होतो. अडचण एकच, ती खरी नाही. असा काही बग नव्हता, हे सिड मायर यांनी २०२० साली आलेल्या आत्मचरित्रात स्पष्ट करून टाकलं. गेमच्या दुसऱ्या भागाचे प्रमुख रचनाकार ब्रायन रेनल्ड्स यांच्या म्हणण्यानुसार, पहिल्या भागात आक्रमकतेच्या पायऱ्या मुळात तीनच होत्या आणि सर्वांत खालच्या पायरीवर गांधीजींबरोबर इतरही बरेच नेते होते. भारत विज्ञानात लवकर पुढे जायचा, त्यामुळे अण्वस्त्रंही त्याच्या हाती लवकर यायची. अण्वस्त्रधारी देशासाठी लिहून ठेवलेली धमकीची ठरावीक वाक्यं गांधीजींच्या तोंडून आली की ती खेळणाऱ्याच्या डोक्यात कायमची बसायची. २०१० च्या पाचव्या भागात तर रचनाकाराने गंमत म्हणून गांधीजींची अण्वस्त्रांची हौस मुद्दाम दहाच्या मापात १२ ठेवली. २५५ ची कहाणी जोरात पसरली ती त्यानंतर. एका खोट्या बगवर जगभरचे लाखो लोक मनापासून हसले, अजून हसतात.

अशा लोकांच्या थट्टेला किती किंमत द्यायची? माझं म्हणणं असं, की बरीच द्यावी. संगणक, गेमिंग आणि एकूणच ज्याला आपण गीक संस्कृती म्हणतो तिथले विनोद आपण वात्रटपणा म्हणून सोडून देतो. पण त्या धंद्यातली सर्वांत प्रामाणिक टीका तिथेच सापडते. कंपनीच्या माहितीपत्रकात नाही, मंत्र्यांच्या भाषणात नाही, आणि वर्तमानपत्राच्या तंत्रज्ञान पुरवणीत तर नाहीच नाही. या थट्टेतली वस्तुस्थिती तपासून घ्यावी, तिच्यातली भीती मात्र जशीच्या तशी खरी मानावी. गांधीजींचा बग खोटा होता. लहान कप्प्यात मोठा आकडा कोंबला की काय होतं, ही भीती खोटी नव्हती.

तिचा पुरावा गेमच्या बाहेर, आकाशात मिळतो. ४ जून १९९६ ला युरोपचं नवंकोरं एरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात, ४० सेकंदांच्या आत वाकडं होऊन फुटलं. आडव्या वेगाशी निगडित ६४ बिटांचा एक आकडा १६ बिटांच्या कप्प्यात घालायला गेले आणि तो मावला नाही. हा कोड जुन्या एरियान ४ मधून तसाच उचलला होता. जुनं रॉकेट तेवढ्या वेगाने जातच नसे, म्हणून तिथे तो वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला. नव्या रॉकेटबरोबर चार संशोधन उपग्रह गेले. त्याहून मासलेवाईक प्रकरण बोइंग ७८७ चं. या विमानातली जनित्रं सांभाळणारी यंत्रणा सलग २४८ दिवस चालू राहिली, तर विमानाचा सगळा एसी वीजपुरवठा उडत असतानाही जाऊ शकतो, असं प्रयोगशाळेतल्या चाचणीत निघालं. सेकंदाच्या शंभराव्या भागात वेळ मोजणारा ३२ बिटांचा काटा बरोबर तेवढ्या दिवसांत भरतो, हा हिशोब ज्याला जमतो त्याला कारण शोधायला लांब जावं लागत नाही. अमेरिकेच्या विमान नियामकाने २०१५ साली यावर अधिकृत आदेश काढला. त्याचा मराठीत अर्थ एवढाच, की विमान ठरावीक मुदतीत एकदा पूर्ण बंद करून परत चालू करा. एअरबस ए३५० च्या काही विमानांसाठी युरोपच्या नियामकानेही तसाच आदेश दिला, तिथे मुदत १४९ तासांची. ‘बंद करून चालू करून पाहिलं का?’ हा आयटीवाल्यांचा जगातला सर्वांत घासलेला विनोद. ‘द आयटी क्राउड’ या ब्रिटिश मालिकेने २००६ पासून तो घरोघर नेला. त्या विनोदाला सरकारी शिक्का, आदेश क्रमांक आणि अंमलबजावणीची तारीख मिळाली, तर त्याला अजून विनोद म्हणायचं का?

दुसरा घासलेला विनोद शुक्रवारचा. शुक्रवारी नवं काही लाइव्ह करायचं नाही, हे हिंजवडीपासून बंगळुरूपर्यंत कुठल्याही टीममधल्या नव्या मुलाला पहिल्या महिन्यातच कळतं, तेही नियमावलीतून नाही, मीममधून. शुक्रवारी संध्याकाळी बटण दाबलं की शनिवार-रविवार गेलाच, असं ते दुःख. १९ जुलै २०२४, वार शुक्रवार. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाइल जगभर पाठवली. (नेमकेपणाने सांगायचं तर कंपनीच्या टेक्सासमधल्या मुख्यालयात तेव्हा गुरुवारची रात्र सरत होती, पण भारतात शुक्रवारचे सकाळचे पावणेदहा वाजत आले होते आणि विमानतळावर गर्दी होती.) सॉफ्टवेअर २१ रकान्यांची अपेक्षा करत होतं, हाती आले २०. एकविसावा शोधायला ते स्मृतीत भलतीकडे गेलं आणि संगणकासकट कोसळलं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. आणि उपाय? मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउडवरच्या ग्राहकांना सांगितलं, रीस्टार्ट करत राहा, काहींना पंधरा वेळा करावं लागलं आहे. एकाच घटनेत दोन विनोद एकाच वेळी खरे ठरले. मुद्दा अर्थात वाराचा नाही. कुठलाही बदल सगळीकडे एकदम पाठवू नये, आधी थोड्या यंत्रांवर पाठवून बघावा, आणि बिघडलं तर निस्तरायला माणसं जागेवर असावीत, एवढं शहाणपण त्या शुक्रवारच्या थट्टेत भरलेलं आहे. क्राउडस्ट्राइकने या घटनेनंतर जे बदल जाहीर केले, त्यांत टप्प्याटप्प्याने अपडेट पाठवणं होतं. म्हणजे अब्जावधी डॉलरच्या कंपनीला जे नंतर कळलं, ते मीममध्ये आधीपासून होतं.

रँडल मन्रो यांची ‘एक्सकेसीडी’ ही इंटरनेटवरची व्यंगचित्रमाला माहीत नसलेला प्रोग्रॅमर विरळा. काड्यांची माणसं, चेहरे नाहीत, चित्रकला म्हणावी तर जवळजवळ शून्य. २००७ सालच्या एका चित्रात शाळेतून आईला फोन येतो. मुलाच्या नावातच तिने डेटाबेसला दिलेली एक आज्ञा लपवलेली असते, आणि शाळेने ते नाव संगणकात भरताच वर्षभराच्या विद्यार्थ्यांची सगळी नोंद पुसली जाते. आई थंडपणे शाळेलाच सुनावते, की बाहेरून आलेला मजकूर आधी तपासून घ्यायला शिका. या हल्ल्याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. हे चित्र येऊन आठ वर्षं झाल्यावर, २०१५ साली, टॉकटॉक या ब्रिटनमधल्या मोठ्या दूरसंचार कंपनीच्या दीड लाखाहून अधिक ग्राहकांची माहिती नेमक्या याच मार्गाने चोरीला गेली. तिथल्या माहिती आयुक्तांनी कंपनीला चार लाख पौंडांचा दंड केला. त्या कंपनीतल्या प्रोग्रॅमरांनी ते चित्र पाहिलं नसेल, हे मला पटत नाही. ते पाहिलेल्या माणसाला जुनी पानं तपासायला वेळ आणि पैसा कुणी दिला नसेल, हे मात्र सहज पटतं.

याच मालिकेतलं २०२० चं एक चित्र तर आता सुरक्षा विषयावरच्या सादरीकरणांत हमखास दिसतं. एकावर एक ठोकळे रचून उभारलेला प्रचंड मनोरा, म्हणजे आजची सगळी डिजिटल व्यवस्था. आणि तळाशी एक बारीकशी काडी, म्हणजे नेब्रास्कातल्या कुणा अनाम माणसाने २००३ पासून फुकटात सांभाळलेला प्रकल्प. ते छापून आलं त्याच्या पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०२१ मध्ये, लॉगफोरजे नावाच्या एका लहानशा सुट्या भागात भगदाड सापडलं. हा भाग स्वयंसेवक सांभाळत होते आणि तो बँकांपासून सरकारांपर्यंत कुणाच्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये दडलाय हे त्यांचं त्यांनाच माहीत नव्हतं. मग मार्च २०२४ मध्ये एक्सझेड प्रकरण. फाइली दाबून लहान करणारं हे साधन लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक यंत्रावर असतं. ते वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस छंद म्हणून, बिनपगारी सांभाळत होता आणि आपण थकलो आहोत हे त्याने उघडपणे लिहिलंही होतं. अशा वेळी मदतीला एक उत्साही कार्यकर्ता आला, दोन-अडीच वर्षं निमूट काम करून त्याने विश्वास मिळवला आणि शेवटी साधनात चोरदरवाजा बसवला. तो पकडला गेला कसा, तर आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर लॉग इन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं आणि तो हट्टाने मागे लागला. जगातल्या असंख्य सर्व्हरांची सुरक्षा त्या अर्ध्या सेकंदावर अवलंबून होती. व्यंगचित्रकाराने काढलेली काडी अतिशयोक्ती नव्हती. कदाचित ती जरा जाडच काढली गेली होती.

ही टीका विनोदाच्या रूपानेच का बाहेर येते, याचं उत्तर अवघड नाही. सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस गुप्ततेच्या कराराने बांधलेला असतो. ग्राहकापुढे त्याने आपल्याच मालाला नावं ठेवायची नसतात, अप्रेझलच्या फॉर्ममध्ये ‘आपलं प्रॉडक्ट ठिगळांवर उभं आहे’ असं लिहायला रकाना नसतो, आणि मॅनेजरला खरं सांगितलं तर ते दुरुस्त करण्याचं काम सांगणाऱ्याच्याच गळ्यात पडतं, तेही त्याच डेडलाइनमध्ये. मग कागदावर लिहिता येत नाही ते मीममध्ये जातं. त्यात नाव नसतं, कंपनी नसते, पुरावा नसतो. पण ज्यांच्या हाताखालून तोच प्रकार गेलेला असतो ते ओळखतात आणि हसतात. एकाच मीमवर पुण्यातला, पोलंडमधला आणि ब्राझीलमधला प्रोग्रॅमर एकाच क्षणी हसत असेल, तर दोष कुठल्या एका कंपनीचा राहत नाही, धंद्याचा ठरतो.

गेमवाल्यांची थट्टा यात आणखी एक पाऊल पुढे जाते, कारण ती नुसती बोलत नाही, करून दाखवते. ‘डूम’ हा डिसेंबर १९९३ चा गेम: अंधाऱ्या बोळांतून राक्षसांना गोळ्या घालत जायचं. आयडी सॉफ्टवेअरने १९९७ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला केला आणि तेव्हापासून, सापडेल त्या यंत्रावर डूम चालवून दाखवायचा, हा गीक मंडळींचा अखंड उद्योग झाला. वरकरणी शुद्ध रिकामटेकडेपणा. पण २०१४ मध्ये एका संशोधकाने कॅननच्या घरगुती प्रिंटरच्या चिमुकल्या पडद्यावर डूम चालवला, तेव्हा त्याने दाखवलं ते हे, की त्या प्रिंटरचं वेब पान पासवर्डशिवाय उघडतं आणि कुणीही त्यात हवं ते सॉफ्टवेअर घालू शकतं. ऑगस्ट २०२२ मध्ये लास वेगासच्या डेफकॉन संमेलनात जॉन डिअर ट्रॅक्टरच्या पडद्यावर डूम चालला, तोही शेतीच्या सजावटीत, मक्याच्या शेतातून ट्रॅक्टर हाकत. सभागृह हसलं असेल, पण अमेरिकेतल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ती हसण्याची बाब नव्हती. लाखो डॉलरचा ट्रॅक्टर त्याच्या मालकीचा, मात्र आतल्या सॉफ्टवेअरचं कुलूप कंपनीच्या हातात. ऐन हंगामात यंत्र अडलं की अधिकृत डीलरचा माणूस लॅपटॉप घेऊन येईपर्यंत बसून राहायचं. ते कुलूप उघडतं, हे डूमने दाखवलं. पुढच्या वर्षी कोलोरॅडो राज्याने शेतकऱ्याला स्वतःचं यंत्र दुरुस्त करण्याचा हक्क देणारा कायदा केला आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने जॉन डिअरवर याच मुद्द्यावर दावा लावला. हे सगळं डूममुळे झालं असं कुणी म्हणणार नाही, शेतकऱ्यांची लढाई जुनी होती. मात्र ट्रॅक्टरच्या आत काय चाललंय हे शंभर पानी अहवालापेक्षा त्या खेळाने लवकर समजलं.

यावर कुणी म्हणेल, विनोदाने काय बदललं? नेब्रास्काच्या काडीवर सगळे हसले आणि नंतरही काडी तिथेच राहिली. उलट हसून मोकळं झालं की काम केल्याचं समाधान मिळतं. ‘बग नाही हो, फीचर आहे’ म्हणत चुकीवर पांघरूण घालण्याची सोयही याच थट्टेने करून दिली. आक्षेप खोटा नाही. पण हसणारे आणि पैसा खर्च करणारे एकच नसतात, हे त्यात विसरलं जातं. विनोद समजलेल्याच्या हाती अधिकार आला की तो कामाला येतो, याची उदाहरणं आहेत. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ हा प्रोग्रॅमरचा अजरामर बहाणा; त्यावर ‘मग तुझी मशीनच ग्राहकाला पाठवू’ असं उत्तर देण्याची रीत आहे, आणि डॉकरसारखी जी साधनं २०१३ पासून सगळीकडे पसरली ती जवळजवळ तेच करतात, चालत्या मशीनचं अख्खं वातावरण बांधून पाठवतात. १ एप्रिल १९९० ला इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या मंडळींनी कबुतरांकरवी डेटा पाठवण्याचं एक गंभीर चेहऱ्याचं तांत्रिक मानक प्रसिद्ध केलं होतं. २००१ मध्ये नॉर्वेतल्या बर्गेनच्या हौशी गटाने ते खरंच करून पाहिलं. नऊ कबुतरं सोडली, चार उत्तरं आली, एकेकाला तासाच्या आसपास किंवा त्याहून जास्त वेळ लागला. २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका कंपनीने मात्र कबुतराच्या पायाला चार जीबीचं कार्ड बांधून ऐंशी किलोमीटरवरच्या डर्बनला पाठवलं. कार्डावरचा डेटा उतरवून घेण्यासह दोन तास सहा मिनिटं लागली. तेवढ्या वेळात टेलकॉम या तिथल्या दूरसंचार कंपनीच्या ब्रॉडबँडवरून त्याच डेटाचा चार टक्के भाग पोचला होता. या बातमीने त्या देशाच्या इंटरनेटबद्दल जे सांगितलं, ते ग्राहक तक्रारींच्या ढिगाला सांगता आलं नव्हतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. संगणकवाल्यांच्या थट्टेचा मोठा भाग यंत्रावर नसतोच. तो यंत्र वापरणाऱ्यावर असतो. चूक कुठे आहे, तर कीबोर्ड आणि खुर्ची यांच्या मधोमध बसलेली, अशी एक जुनी कोटी आहे. ‘आईलासुद्धा जमेल इतकं सोपं’ ही दुसरी, जिच्यात आईने हयातभर चालवलेल्या घराचा हिशोब धरलेला नसतो. हेल्पडेस्कच्या किश्श्यांत वापरणारा नेहमी बावळट. हा विनोद मला नुसता उर्मट वाटत नाही, चुकीचा वाटतो, आणि वरच्या विनोदांच्या नेमका उलटा. शुक्रवारची थट्टा सांगते की आम्ही बनवलेलं कधीही मोडू शकतं. खुर्चीवाली थट्टा सांगते की आम्ही बनवलेलं बरोबरच असतं, तुम्ही अडाणी आहात.

दुसऱ्या समजुतीवर एखादी व्यवस्था उभी राहिली तर काय होतं, याचं उदाहरण ब्रिटनच्या पोस्ट खात्याने घालून दिलंय. १९९९ पासून तिथल्या पोस्टाच्या शाखांत होरायझन नावाची, फुजित्सूने पुरवलेली हिशोबाची प्रणाली बसवली गेली. गावोगावी छोटं दुकान आणि पोस्ट एकत्र चालवणाऱ्या माणसांच्या हिशोबात प्रणाली तूट दाखवू लागली, कधी शेकड्यांत, कधी हजारो पौंडांत. हेल्पलाइनवर फोन केला तर अनेकांना उत्तर मिळे की ही अडचण फक्त तुम्हालाच येतेय. लोकांनी पदरचे पैसे भरले, घरं गहाण टाकली, तरी तूट पुन्हा यायची. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जणांना चोरी, अफरातफर, खोटा हिशोब अशा आरोपांखाली दोषी ठरवलं गेलं. काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने प्रणालीतच बग होते हे मान्य केलं. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या दूरचित्रवाणी मालिकेने देश हलला आणि त्या वर्षी मे महिन्यात संसदेने कायदा करून शिक्षा सरसकट रद्द केल्या. या सगळ्याच्या मुळाशी कायद्यातलं एक गृहीतक होतं. उलट पुरावा नसेल तर संगणक नीट चालत होता असं धरायचं. आधी फिर्यादीला ते सिद्ध करावं लागे. १९९९ च्या कायद्याने ती अट गेली आणि सिद्ध करण्याचं ओझं आरोपीवर आलं. ज्या माणसाला कोड पाहायचाही अधिकार नाही त्याने कोडमधला बग दाखवायचा! सॉफ्टवेअर लिहून पोट भरणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, संगणक नीटच चालत असणार हे तो शपथेवर सांगेल का. तो हसेल. त्या हसण्याला न्यायालयात साक्षीचा दर्जा असता तर बरीच घरं वाचली असती.

हे विलायतेचं झालं म्हणून हात झटकता येत नाहीत. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून आणायची तर संगणक त्या काळात नीट चालत होता ही अट आहे आणि त्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. ब्रिटनपेक्षा ही तरतूद बरी आहे, पण प्रमाणपत्रावर सही करणारा बहुधा प्रणालीचा मालक किंवा त्याचा तज्ज्ञ असतो. आणि न्यायालयापर्यंत प्रकरण जातं कुठे? रेशन दुकानातल्या मशीनवर राबून झिजलेल्या बोटाचा ठसा जुळत नाही, तेव्हा मशीन चुकलं असं कुणी म्हणत नाही. त्या बाईला आधार केंद्रावर जाऊन यायला सांगतात, म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली. सेतू केंद्रात ‘सर्व्हर डाउन आहे’ असं सांगितलं जातं तेव्हा निदान दोष यंत्राकडे जातो; या बाबतीत त्या वाक्याची थट्टा करणारे आपण, खुर्चीवरची कोटी करणाऱ्या आयटीवाल्यापेक्षा शहाणे आहोत.

म्हणून निविदा काढणाऱ्या अधिकाऱ्याने, दंड ठोठावणाऱ्या लवादाने आणि प्रत्येक नव्या ॲपचं स्वागत करणाऱ्या बातमीदाराने अधूनमधून या मंडळींचे विनोद वाचावेत. सध्या चलनात असलेला एक २०३८ चा आहे. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस मास्तरांच्या कृपेने १ जूनला येतो, तसा युनिक्सच्या घराण्यातल्या संगणकांचा काळ १ जानेवारी १९७० ला सुरू होतो. तिथपासूनचे सेकंद जी यंत्रं ३२ बिटांच्या कप्प्यात मोजतात, त्यांचा कप्पा १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडच्या वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी भरेल, आणि पुढच्या सेकंदाला त्यांच्या लेखी डिसेंबर १९०१ उजाडेल. त्यावर प्रोग्रॅमर म्हणतात, तोवर मी रिटायर झालेलो असेन. साठ-सत्तरच्या दशकात वर्षाचे दोनच अंक ठेवणारेही असंच म्हणत असणार, आणि त्यांनी मागे ठेवलेलं वायटूकेचं काम उपसून आपल्याकडच्या आयटी कंपन्या मोठ्या झाल्या. फोन आणि लॅपटॉपचा प्रश्न बहुतेक सुटलाय. उरलीत ती भिंतीवर, खांबावर, पंपावर बसवून विसरली जाणारी यंत्रं, जी आज विकत घेतली तर तोवर चालूच असतील. खरेदीच्या वेळी पुरवठादाराला घड्याळ पुढे करून २० जानेवारी २०३८ ची तारीख लावून दाखवायला सांगावं. दहा मिनिटांचं काम आहे. पडद्यावर १९०१ आलं, तर बिल मंजूर करू नये.